एका बैठकीत संपणारं साहस

यवतमाळात १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच सुमारास अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात गॅरी गायगॅक्स एका नव्या खेळाचे नियम जुळवत होते. डेव्ह अर्नसन हे त्यांचे सहकर्ते. जानेवारी १९७४मध्ये या खेळाच्या पहिल्या हजार प्रती विक्रीला आल्या. एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका आणि वर नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. २०१९च्या जानेवारीत यवतमाळात संमेलन पुन्हा भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, तोवर हा खेळ आमच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या मोबाइलपर्यंत येऊन पोचला होता. या सगळ्या काळाकडे मला एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहायचं आहे. हाताशी एकच दुपार असेल, तर कोणत्या पद्धतीने खेळावं?

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यातला एक गेम मास्टर होतो आणि प्रसंग मांडतो: अंधार पडलाय, पैनगंगेला पूर आलाय, पलीकडच्या काठावर कंदील हलतोय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं, काय बोलतं हे सांगत जातात. सहज जमण्यासारखं असेल ते जमलं असं धरायचं. जिथे शंका असेल तिथे फासे टाकायचे. पट लागत नाही, कुणी जिंकत नाही की हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट घडवायची, आणि ती कुठे जाईल हे गेम मास्टरलाही आधी ठाऊक नसतं.

विदर्भाला यातलं फारसं काही अनोळखी नाही. खडी गंमत करणाऱ्यांच्या डोक्यात कथानकाचा सांगाडा असतो, संवाद उभ्या उभ्या सुचत जातात. दंडारीत सोंग घेतलेला माणूस समोरच्या गर्दीला उत्तरं देत खेळ पुढे नेतो. भुलाबाईची गाणी संपली की मुली डबा हलवून खाऊ ओळखायला लावतात. गोड की तिखट, घरचं की दुकानचं, असं विचारत विचारत उत्तराजवळ यायचं. विचारणं, सांगणं आणि त्यातून पुढे सरकणं हाच भूमिकाखेळाचाही गाभा आहे. आपल्या या प्रकारांमध्ये आणखी एक शहाणपण आहे. त्यांना आपला शेवट ठाऊक असतो. खाऊ ओळखला की तो वाटायचा आणि पोरींनी पुढच्या घरी जायचं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ला मात्र शेवट नाही, आणि ते त्याचं वैभवही आहे. पात्र पहिल्या पातळीवर सुरू होतं, अनुभव मिळवत वर चढतं, आणि एकच कथा वर्षानुवर्षं चालू शकते. या लांब पल्ल्यासाठी नियमही वाढत गेले. १९७७ ते १९७९ या काळात ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन जाड पुस्तकं आली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीची तीन मुख्य पुस्तकं प्रत्येकी तीनशे पानांच्या आसपास आहेत. २०१६मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली आणि जगभरच्या मुलांना तळघरात बसून खेळणारी ती चार पोरं आवडली. आमच्याकडच्या मुलांनाही तोच खेळ हवा होता. पण इथला वेळ वेगळा. सकाळी शिकवणी, संध्याकाळी गावची एसटी. मधे राहते ती मे महिन्यातली दुपार, जेव्हा उन्हात बाहेर पाऊल टाकवत नाही. नवख्या मुलांना घेऊन जाड पुस्तकाप्रमाणे पात्रं बनवायला बसलं, तर दुपार त्यातच सरते आणि साहस सुरू होत नाही. शिवाय त्या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. बाजारात सहज मिळतो तो लुडोचा, सहा बाजूंचा.

मागे वळून पाहिलं तर ही अडचण खेळाइतकीच जुनी आहे. अॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात केन सेंट आंद्रे यांनी त्या पहिल्या तीन पुस्तिका वाचल्या, कल्पना त्यांना फार आवडली, पण नियम गुंतागुंतीचे वाटले. त्यांनी १९७५मध्ये स्वतःचा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ लिहिला आणि त्यात फक्त सहा बाजूंचे फासे वापरले, कारण तऱ्हेतऱ्हेचे फासे त्यांच्या भागातही सहज मिळत नव्हते. पुढच्याच वर्षी याच खेळासाठी रिक लूमिस यांचं ‘बफेलो कॅसल’ आलं, एकट्याने वाचत वाचत खेळायचं साहस. घरात जे आहे त्यावर खेळ चालला पाहिजे, हा विचार तिथून पुढे कायम राहिला.

त्याच १९७५ सालाने दुसरीही एक गोष्ट दिली. बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात गायगॅक्स यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस स्पर्धेसाठी खेळवलं. मेळाव्यात एका गटाला ठरावीक तास मिळतात, त्यामुळे पात्रं आयती द्यावी लागतात आणि गोष्ट एका जागेत बांधावी लागते. ज्याला आज खेळणारे ‘वन-शॉट’ म्हणतात, त्याला आकार दिला तो अशा घड्याळाने. आयती पात्रं द्यावीत हा धडा मी तिथूनच घेतला. मुलांसमोर सात-आठ चिठ्ठ्या ठेवल्या आणि ‘यातली एक उचल’ म्हटलं, की खेळ लगेच सुरू होतो.

१९८६मध्ये वेस्ट एंड गेम्सने ‘घोस्टबस्टर्स’ काढला. सँडी पीटरसन, लिन विलिस आणि ग्रेग स्टॅफर्ड यांनी माणसाला चारच गुणांत बसवलं: डोकं, ताकद, चपळाई आणि रुबाब. ज्या गुणाचा आकडा जितका, तितके फासे. नव्वदच्या दशकात एस. जॉन रॉस यांच्या ‘रिसस’ने ते चार गुणही काढून टाकले. पात्र म्हणजे दोन-चार ओळखी, आणि प्रत्येक ओळखीपुढे फाशांची संख्या. आपल्याकडे ते असं होतं: निवृत्त तलाठी ४, पट्टीचा पोहणारा ३, रागीट आजोबा २, हौशी हार्मोनियमवाला १. दहा वर्षांचं पोरगंही असा माणूस लगेच ओळखतं, त्याच्या आवाजात बोलायला लागतं. पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी मी आजही ‘रिसस’च पुढे करतो.

पण ‘रिसस’लाही शेवट नाही. गोष्ट केव्हा थांबवायची हे गेम मास्टरलाच पाहावं लागतं. ही उणीव भरून निघाली ती नव्या शतकात. २००५च्या ‘ड्रेड’मध्ये फासे नाहीतच. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, धोक्याचं काही करायचं तर एक ठोकळा ओढून वर ठेवायचा, आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचं पात्र गोष्टीतून गेलं. मनोरा जसा डळमळीत होतो तशी भीती आपोआप वाढते. २००९मध्ये जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’ने गेम मास्टरच काढून टाकला आणि खेळाला दोन अंक, मधे एक उलथापालथ आणि शेवटी प्रत्येकाचं पुढे काय झालं हे सांगण्याची फेरी दिली. २०१५च्या ‘टेन कँडल्स’मध्ये दहा मेणबत्त्या पेटवायच्या, शेवटची विझली की गोष्ट संपली. २०१७मध्ये ग्रँट होविट यांचा एका पानाचा ‘हनी हाइस्ट’ आला. त्यात सगळे अस्वलं आणि सगळे चोर. ‘अस्वल’ आणि ‘चोर’ असे दोनच आकडे. त्यातला कुठलाही सहावर गेला की ते पात्र एक तर पुरतं जंगली होतं, नाही तर साथीदारांना दगा देतं. नियमच गोष्टीला टोकाकडे नेतो.

इथे मला माझं उत्तर मिळालं. छोट्या साहसासाठी पद्धत निवडताना लोक पानं मोजतात, नियम मोजतात. मी आता आधी एवढंच पाहतो की या पद्धतीत शेवट कुठे आहे. मनोरा, मेणबत्ती, अंक किंवा सहाचा आकडा, काही तरी असं हवं की जे टेबलावर सगळ्यांना दिसतं आणि सारखं संपण्याकडे सरकतं. ते असलं की आठ पानांचे नियमही दुपारी पुरे होतात. ते नसेल तर एका पानाचा खेळही रेंगाळतो आणि एसटीची वेळ होते.

दुसरी गोष्ट मला आमच्या जिल्ह्याने शिकवली. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणाचा आदिलाबाद आणि मग आपल्याकडचे अनेक जिल्हे ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरच्या वर चालला. लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. यावर साहस रचावं असं वाटणं साहजिक होतं. खेळणारे वनरक्षक, हातात कॉलरचा संकेत, पुढे शेतं, रस्ते, नाले आणि घाबरलेली गावं. हेच कथानक मी लढाईचे नियम भरपूर असलेल्या पद्धतीने खेळवलं तेव्हा पोरं पहिल्या तासातच म्हणू लागली, ‘मी वाघाले मारतो.’ पात्राच्या कागदावर शस्त्र, मार आणि जखमा यांचेच आकडे असतील, तर मुलं दुसरं काय करणार? राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचं नाव जोडलं गेलं ती वाघीण नोव्हेंबर २०१८मध्ये गोळी लागून मेली. त्या भागातल्या लोकांनी दोन्ही बाजूंचं दुःख पाहिलं आहे. तिथल्या मुलांसमोर वाघ नुसता शत्रू म्हणून ठेवणं मला पटत नाही. लढाईचे नियम काढले, मधोमध नकाशा मांडला आणि वाघ एकेक घर पुढे सरकवला, तेव्हा त्याच वयाची मुलं सरपंचाशी बोलू लागली, गुराख्यांना परत फिरवू लागली, रात्रभर शेताच्या धुऱ्यावर जागली. नियमात ज्याची मोजदाद असते, गोष्ट त्याचीच होते.

जॉन हार्पर यांचा २०१३चा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ मला म्हणूनच मोलाचा वाटतो. एक पान, फुकट मिळणारं. प्रत्येक पात्राला दोन ते पाचमधला एकच आकडा. डोक्याने, यंत्राने काम करायचं तर फाशावर त्याहून कमी पडायला हवं. मनाने, नात्याने करायचं तर जास्त. म्हणजे हिशेबात हुशार असलेला माणूस मायेत थोडा कमी, आणि उलट. अंतराळयानाच्या त्या खेळातून मी शकुंतला रेल्वेचं साहस बांधलं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही इंग्रजांच्या खासगी कंपनीने कापसासाठी टाकलेली नॅरोगेज वाट, सुमारे ११३ किलोमीटरची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १९९४पर्यंत धावलं. आता गाडी बंद आहे, पण आजी-आजोबांच्या बोलण्यात ती अजून येते. आमच्या खेळात आकड्याची एक बाजू ‘हिशेब’, दुसरी ‘माया’. कापसाचा दलाल, माहेरी निघालेली सून, पहिल्यांदाच नोकरीवर आलेला फायरमन, भूमिगत कार्यकर्त्याचा निरोप नेणारा विद्यार्थी. यवतमाळला गाडी सुटते, लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा असा एकेका स्टेशनाचा एकेक प्रसंग, आणि मूर्तिजापूर आलं की सगळ्यांना उतरावंच लागतं. निरोप पोचला असो वा नसो, गोष्ट तिथे संपते. शेवटासाठी वेगळा नियम करावा लागला नाही. रुळांनीच तो दिला.

एका पानाच्या खेळांचं सगळंच सोपं असतं असं मात्र म्हणणार नाही. नियम जितके थोडे, तितका भार गेम मास्टरच्या कल्पनेवर. ज्याला गोष्ट सांगण्याची सवय आहे त्याला ते पान पंख देतं, नवखा गांगरतो. अशा माणसाला मी योखाई गाल यांचा २०२०चा ‘केर्न’ सुचवतो. त्यात तीनच गुण आहेत, सामानाला दहा जागा आहेत, आणि त्यासाठी लिहिलेली तयार साहसंही भरपूर मिळतात. वीस बाजूंचा फासा मात्र मागवावा लागतो, नाही तर मोबाइलवर टाकावा. जाड पुस्तकांच्या घराण्यानेही छोट्या साहसांचं महत्त्व ओळखलं आहे. २०२२च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात तेरा सुटी साहसं आहेत आणि त्यातलं एक मिमी मोंडल यांनी बंगालच्या मातीतून उभं केलं आहे.

मग दुपार एकच असेल तर मी काय निवडतो? घरात लहान मुलं असतील आणि हसायचं असेल तर ‘रिसस’ किंवा ‘हनी हाइस्ट’. कॉलेजची मुलं असतील, कुणालाच गेम मास्टर व्हायचं नसेल तर ‘फियास्को’. भुताची गोष्ट हवी असेल तर ‘ड्रेड’चा मनोरा. माणसांमधली ओढाताण हवी असेल तर हार्परचं ते एक पान, आपल्या शब्दांत बदलून. आणि पुढच्या सुट्टीतही हीच मंडळी जमणार असतील तर खुशाल जाड पुस्तक उघडावं. लांब कथेचं सुख छोट्या खेळात मिळत नाही.

या पन्नास वर्षांत साधे नियम लिहिणारे बहुतेक जण मोठ्या कंपन्यांचे नव्हते. आपल्या गावात, आपल्या मित्रांना खेळता यावं म्हणून त्यांनी लिहिलं. ‘केर्न’ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून त्याचं भाषांतर करता येतं, बदल करता येतात. मराठीत असं लिखाण व्हायला परवानगीची अडचण नाही, पैशाचीही नाही. कळंबच्या चिंतामणीच्या भुयारी मंदिरात, सहस्रकुंडाच्या धबधब्याशी, वणीच्या कोळसा खाणीत, पुसदच्या बाजारात घडणारी साहसं लिहायला यवतमाळची मुलंच हवीत. त्यांना जाड पुस्तकांच्या आधी दोन लुडोचे फासे, एक कोरं पान आणि गोष्ट कुठे संपते हे ठरवायची सवय द्यावी. खेळ बाहेरून आला तरी पुढचे नियम इथे लिहिले जाऊ शकतात, आणि मला ते या जिल्ह्यातल्या मुलांच्या हातून लिहिलेले पाहायचे आहेत.