विश्लेषण : फायटर पायलट ते प्रवासी विमानाचा कॅप्टन, दीपक साठे यांची कारकीर्द आणि कोझिकोड अपघाताचा अहवाल काय सांगतो?

७ ऑगस्ट २०२० च्या रात्री कोझिकोडच्या धावपट्टीवरून घसरलेल्या विमानाचे कॅप्टन, निवृत्त विंग कमांडर दीपक साठे पवई परिसरात राहत होते. ११ ऑगस्टला त्यांच्यावर विक्रोळीच्या टागोरनगर स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. नाहूरपासून विक्रोळी तिसरे स्थानक. त्या दिवसांत उपनगरांतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या शौर्याचा एक मेसेज फिरत होता. त्यातले खरे किती? आणि फायटर पायलटची कारकीर्द असते तरी कशी?

हवाई दलात साठे काय करत होते?

साठे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) ५८ व्या तुकडीचे. पुढे हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील हवाई दल अकादमीत त्यांना सर्वोत्तम छात्राला मिळणारा ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळाला आणि जून १९८१ मध्ये ते हवाई दलात रुजू झाले. ‘गोल्डन ॲरोज’ या १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते लढाऊ विमाने उडवत. नंतर अकादमीत प्रशिक्षक आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणूनही त्यांनी काम केले. नवे किंवा दुरुस्त झालेले विमान आधी चाचणी वैमानिक उडवतो, त्यामुळे ही जबाबदारी मोजक्यांनाच मिळते.

२२ वर्षांत निवृत्ती का?

जून २००३ मध्ये साठे निवृत्त झाले. सैन्यदलांत अधिकाऱ्याला किमान २० वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. लढाऊ विमानाच्या कॉकपिटमधली वर्षेही मर्यादित असतात. तीव्र वळणात वैमानिकाच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या आठ-नऊ पट भार येतो, आणि पद वाढते तसे टेबलावरचे काम वाढते. त्यामुळे चाळिशीत अनेक जण नागरी विमान कंपन्यांकडे वळतात. साठे यांनी आधी एअर इंडियाचे एअरबस ए-३१० आणि नंतर एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ उडवले. अपघातापर्यंत त्यांच्या नावावर दहा हजार तासांहून अधिक उड्डाण होते.

त्या रात्री काय घडले?

करोनाकाळातील ‘वंदे भारत’ मोहिमेचे ते दुबई-कोझिकोड विमान होते. विमानात १९० जण होते. कोझिकोडची धावपट्टी ‘टेबलटॉप’ आहे, म्हणजे टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली; तिच्या टोकापलीकडे दरी. पाऊस सुरू होता. पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला, त्या वेळी कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टीच्या विरुद्ध टोकाकडून आले. आता वारा पाठीमागून होता.

८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. अपेक्षा असते साधारण पहिल्या तीन हजार फुटांत उतरण्याची. मागून १४ नॉटचा वारा, ओली धावपट्टी आणि ताशी सुमारे ३०५ किलोमीटर वेग. विमान टोक ओलांडून दरीत कोसळले आणि त्याचे तीन तुकडे झाले. साठे, सहवैमानिक अखिलेश कुमार आणि १९ प्रवासी अशा २१ जणांचा मृत्यू झाला.

व्हायरल मेसेजमध्ये तथ्य किती?

चाके उघडली नाहीत, म्हणून कॅप्टनने तीन घिरट्या घालून इंधन संपवले आणि विमान पोटावर उतरवले, असे त्यात म्हटले होते. विमान अपघात तपास ब्युरोचा (एएआयबी) अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला, त्याच्याशी हे जुळत नाही. विमान चाकांवरच उतरले होते. अपघातानंतर आग लागली नाही, एवढे मात्र खरे.

अहवालाने ठपका कशावर ठेवला?

अहवालानुसार संभाव्य कारण म्हणजे ठरलेली कार्यपद्धती न पाळणे. विमान स्थिर नसतानाही उतरणे सुरू ठेवले गेले. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर उचला, असे सांगितले होते. तसे सांगितल्यावर विमान उचलणे बंधनकारक असते. ते झाले नाही, आणि सहवैमानिकानेही नियंत्रण आपल्याकडे घेतले नाही. कोझिकोडला कॅप्टन कमी होते आणि साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करायचे होते, त्याचाही परिणाम झाल्याचे अहवाल नमूद करतो. दोष एकट्या वैमानिकाचा नाही. व्यवस्थेतल्या त्रुटींचाही वाटा होता, असेही त्यात म्हटले आहे.

मग फायटरची सवय नडली का?

अहवाल तसे म्हणत नाही, आणि नागरी विमाने साठे अनेक वर्षे उडवत होते. दोन कॉकपिटमधला फरक मात्र मोठा आहे. एकआसनी लढाऊ विमानात निर्णय एकट्याचा असतो. प्रवासी विमानात ज्येष्ठ कॅप्टनला कनिष्ठाने रोखणे आणि कॅप्टनने ते ऐकणे, हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. त्याला ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणतात. कोझिकोडला हीच साखळी तुटली.

या वाटेने जायचे असेल तर?

एनडीएच्या हवाई दल शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. मुलींनाही २०२२ पासून एनडीएत प्रवेश मिळू लागला. पदवीधरांसाठी ‘ॲफकॅट’ परीक्षा आहे. मुलांची तयारी छत्रपती संभाजीनगरची राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था अकरावीपासून करून घेते. नागपूरच्या अंतरा मेहता २०२० मध्ये याच दुंडीगलमधून महाराष्ट्राच्या पहिल्या महिला फायटर पायलट म्हणून बाहेर पडल्या. त्या इंजिनीअरिंगच्या पदवीधर आहेत.