शेवटच्या वर्षाची गाडी

हावड्याहून मुंबईकडे येणारी गाडी डोंगरगड, पनियाजोब, बोरतलाव मागे टाकते आणि महाराष्ट्राच्या हद्दीतले पहिले स्टेशन लागते, ते दरेकसा. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी कुठकुठल्या राज्यांतून गोंड बांधव इथे उतरतात. पावसाळ्यात हाजरा धबधबा पाहायला गोंदियाची मंडळी येतात. एरवी वर्तमानपत्रात गावाचे नाव छापून आले ते बहुधा ‘दरेकसा दलम’ या नक्षल्यांच्या तुकडीमुळे. आम्हा गावकऱ्यांना मात्र हे स्टेशन म्हणजे कॉलेजचा दरवाजा. सालेकसा, आमगाव, गुदमा आणि गोंदिया. पदवी हवी असेल तर याच रुळांवरून जायचे.

गेल्या दिवाळीनंतर नागपूरला परतताना मी सकाळच्या लोकलसाठी फलाटावर उभा होतो. पाठीवर दप्तरे घेतलेल्या पोरींचे घोळके गाडीची वाट पाहत होते. एकीच्या मांडीवर उघडी वही, दुसरीच्या हातात भाकरीचा डबा. मुलगेही होते, पण कमी. मला सहज ताईची आठवण झाली, आणि मग ती गोंदियापर्यंत काही जाईना.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. १९८६ साली ती बारावी झाली, माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी. तिला आमगावच्या भवभूती महाविद्यालयात जायचे होते. बाबा कधीही ‘मुलीने शिकू नये’ असे म्हणाले नाहीत. तसे म्हणणारे बाप आमच्या भागात तेव्हाही थोडेच असतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “परतीची गाडी चुकली तर?” स्टेशनापासून घरापर्यंतची वाट जंगलातली. या प्रश्नाला ताईकडे उत्तर नव्हते आणि आईकडेही नव्हते.

दोन वर्षांनी मी गोंदियाच्या कॉलेजात नाव घातले, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. परतीची गाडी माझी कितीतरी वेळा चुकली. कधी मालगाडीला वाट देण्यात पॅसेंजर रखडली, कधी मी सिनेमाला बसलो. गोंदियाच्या फलाटावर पेपर अंथरून झोपलो आणि सकाळी घरी आलो, तर आईने चहा ठेवला. माझ्या पासाचे पैसे कुठून येत, हेही सांगून टाकतो. मे महिन्यात ताई आणि आई पहाटेच तेंदूपत्त्याला जात. दुपारभर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून संध्याकाळी फळीवर मोजून देत. पावसाळ्यात रोवणीला दुसऱ्यांच्या बांधीत ताई मजुरीने जाई. तिने रोवलेल्या धानाच्या कडेने मी खिडकीत बसून अर्थशास्त्राचे पुस्तक वाचत गेलो आहे. हे तेव्हा मला खटकले नाही. खटकले असते तर बरे झाले असते.

आपल्याकडे हे दार तसे फार जुने नाही. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली, पण मुलींना तिथे परवानगी मिळाली १८८३ मध्ये, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या त्या १८८८ मध्ये. कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे, नागपूर विद्यापीठ १९२३ चे. आज अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे पाहावेत तर डोळे निवतात. २०१८-१९ मध्ये देशात प्रथमच मुलींच्या प्रवेशाचे प्रमाण मुलांच्या किंचित पुढे गेले. २०२१-२२ मध्ये ते मुलींचे २८.५ टक्के आणि मुलांचे २८.३ टक्के होते. अमेरिकेत तर १९८२ पासून दरवर्षी मुलांपेक्षा मुलीच अधिक पदव्या घेतात. मात्र याच २०२१-२२ च्या अहवालात अनुसूचित जमातींचे एकूण प्रमाण २१.२ टक्के आहे आणि त्यांतल्या मुलींचे २०.९. म्हणजे दरेकसासारख्या आदिवासी मुलखात पारडे अजून जरासे मुलांकडेच आहे.

आणि हे सारे आकडे प्रवेशाचे. प्रवेश आणि पदवी यांच्यामध्ये तीन उन्हाळे असतात, आणि लग्ने उन्हाळ्यातच होतात.

ताईचीच गोष्ट घ्या. लग्न होऊन ती सालेकसाजवळच्या गावी गेली. धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव नोंदवले. १९८९ मध्ये निघालेल्या या विद्यापीठाने तिच्यासारख्या कितीतरी बायकांना पुन्हा पुस्तकाशी बसवले. रात्री भांडी घासून झाली की ती वाचायची. दोन वर्षे पास झाली. तिसऱ्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि परीक्षेच्या आठवड्यात त्यांना सोडून जायला घरात दुसरे कोणी नव्हते. दोन गुणपत्रिका तिच्या ट्रंकेत आहेत. प्रवेशाच्या हिशेबात ताई दोनदा मोजली गेली असेल. पदवीच्या हिशेबात कधीच नाही.

मधल्या काळात काही गोष्टी खरोखर सुधारल्या. सालेकसात आता महाविद्यालय आहे. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत मोफत मासिक पास जाहीर झाला, मुलांना बारावीपर्यंतच. फलाटावरच्या गर्दीमागे त्या कागदाच्या तुकड्याचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत प्रवास मात्र बारावीला संपतो. त्यामुळे रुळांजवळच्या गावातली मुलगी आणि आत जंगलात, बसच्या भरवशावर राहणारी मुलगी यांचे नशीब वेगळे होते. आणि डब्यात मुलगे कमी का दिसतात? ते बारावीनंतर हैदराबादला, नागपूरला, रायपूरला कामाला जातात. म्हणजे बरोबरीचा काही भाग मुली पुढे गेल्याने आला, तर काही मुलगे मागे राहिल्याने. त्याचा आनंद कसा मानायचा?

ताईची मुलगी आता गोंदियाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा स्थळ आले. मुलगा चांगला, घर चांगले. त्यांना सूनही पदवीधरच हवी आहे, फक्त लग्न मार्चमध्ये हवे आहे. ‘परीक्षा काय, लग्नानंतरही देता येईल,’ असे ती मंडळी म्हणाली. भाऊजींना ते पटत होते. मला फोन आला तेव्हा मीही आधी, “पाहू या, काहीतरी मधला मार्ग निघेल,” असेच म्हणालो. फोन ठेवल्यावर मला फलाटावर अंथरलेला तो पेपर आठवला आणि स्वतःची लाज वाटली. मी पुन्हा फोन लावला, पण तोवर ताईने पाहुण्यांना निरोप पाठवला होता: शेवटचा पेपर झाल्याशिवाय हळद लागणार नाही, थांबायचे नसेल तर त्यांनी दुसरी मुलगी पाहावी.

पाहुण्यांचे उत्तर अजून आलेले नाही. भाऊजी ताईशी नीट बोलत नाहीत. परवा ताईचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. परीक्षेचे पेपर दुपारच्या सत्रात आले तर गोंदियाहून परतीची गाडी किती वाजता आहे, आणि ती चुकली तर पोरीने रात्री कोणाकडे थांबायचे, हे तिला विचारायचे होते. गोंदियातल्या माझ्या एका जुन्या वर्गमित्राचा पत्ता मी तिला दिला.