मोठ्या पडद्यामागची संघटना

या कार्यक्रमात आम्ही नेहमी कर्ज, परतफेड, शिलाई, मसाले यांच्याबद्दल बोलतो. आज बोलणार आहोत सिनेमाबद्दल. "आता गटाचं सोडून हे काय?" असं म्हणू नका. हा विषय शेवटी आपल्या ग्रामसंघाच्या दारातच येऊन पोचतो.

आपल्यापैकी काहीजणींनी मुंबईला वडाळ्याच्या घुमटाखाली बसून सिनेमा पाहिला असेल. २००१ मध्ये ते थिएटर सुरू झालं, तेव्हा शाळांच्या सहली तिथे जायच्या. पडदा समोर टांगलेला नाही, तर डोक्यावर आभाळासारखा पसरलेला. अशा अतिभव्य पडद्याच्या सिनेमाची ओळख जगाला १९७० मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या प्रदर्शनात झाली. पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटोला 'सिनेस्फिअर' हे पहिलं कायमचं आयमॅक्स थिएटर उभं राहिलं.

या पडद्यासाठी फिल्मही तशीच लागते. तिची रुंदी ७० मिलिमीटर. ती यंत्रातून आडवी धावते आणि एका मिनिटाला शंभर मीटरहून जास्त फिल्म संपते. चाळीस मिनिटांच्या माहितीपटाला चार किलोमीटर फिल्म! २०२३ च्या 'ओपनहायमर' या तीन तासांच्या चित्रपटाची अशी प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाची होती. तेव्हा हे काम किती खर्चाचं, ते लक्षात येईल.

आता मुख्य गोष्ट. ही थिएटरं फक्त मोठ्या कंपन्यांची नाहीत. अनेक थिएटरं विज्ञान केंद्रं आणि संग्रहालयं चालवतात. तिथे समुद्र, जंगल, अवकाश, प्राणी यांच्यावरचे माहितीपट दाखवतात आणि शाळेची मुलं हा मोठा प्रेक्षक असतो. एक थिएटर या देशात, दुसरं त्या देशात. असे माहितीपट बनवणारेही मोजकेच. एकट्या संग्रहालयाने सांगितलं, "आम्हाला असा चित्रपट हवा," तर कोण ऐकणार? आपल्यातली एकटी बाई चटणीची दहा पाकिटं घेऊन घाऊक व्यापाऱ्याकडे गेली, तर तो मान वर करून बघतो का? तसंच हे.

म्हणून या लोकांनी संघटना केली. तिचं नाव जायंट स्क्रीन सिनेमा असोसिएशन. आधी दोन वेगळ्या संघटना होत्या, २००६ मध्ये त्या एकत्र आल्या. थिएटर चालवणारे, चित्रपट बनवणारे, वितरक आणि यंत्रं पुरवणारे असे सगळे तिचे सभासद आहेत. म्हणजे विकणारा आणि विकत घेणारा एकाच सतरंजीवर.

वर्षभर ही संघटना करते काय? वसंत ऋतूत त्यांचा चित्रपट मेळा भरतो. तिथे नवे चित्रपट खऱ्याखुऱ्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. माल घेण्याआधी थिएटरवाले तो डोळ्यांनी पाहतात. जे चित्रपट अजून तयार व्हायचेत, त्यांची कल्पनाही तिथे मांडली जाते. बनवणाऱ्याला पैसे घालण्याआधीच कळतं, की याला गिऱ्हाईक आहे का. मग शरद ऋतूच्या सुमारास मोठी परिषद आणि यंत्रांचं प्रदर्शन होतं. घुमटवाल्यांच्या अडचणी वेगळ्या, म्हणून त्यांच्यासाठी एक दिवस राखून ठेवतात. चांगल्या कामाला सभासदांच्या मतांनी पुरस्कार दिले जातात. २०२० मध्ये थिएटरांना कुलपं लागली तेव्हाही भेट चुकली नाही, परिषद ऑनलाइन घेतली.

पण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते मापाचं काम. 'मोठा पडदा' म्हणायचं कशाला? २००८ पासून मल्टिप्लेक्समध्ये डिजिटल आयमॅक्स बसू लागले. त्यातले बरेच पडदे जुन्या पडद्यांपेक्षा खूप लहान होते, नाव मात्र तेच. जादा पैसे मोजलेल्या प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. संघटनेची व्याख्या मात्र स्पष्ट आहे: सपाट पडदा साधारण ७० फूट रुंद हवा, घुमटाचा व्यास ६० फूट हवा. फिल्म जाऊन डिजिटल यंत्रं येऊ लागली, तेव्हा चित्राचा दर्जा घसरू नये म्हणून त्यासाठीही तांत्रिक निकष ठरवले. आपल्याकडे पाकिटावर वजन नीट छापलं नाही तर एका गटामुळे सगळ्या गटांचं नाव जातं. तिथेही तेच.

एकत्र येण्याचं फळ बघायचं तर १९९८ चा 'एव्हरेस्ट' बघा. तेनसिंग नोर्गेंचे चिरंजीव जामलिंग त्या मोहिमेत होते. कॅमेऱ्यात एका वेळी जेमतेम दीड मिनिटाची फिल्म मावायची, आणि तो कॅमेरा शिखरावर नेला! अमेरिकेतली काही संग्रहालयं या चित्रपटात भागीदार होती. त्या चित्रपटाने पुढे १० कोटी डॉलरपेक्षा जास्त कमाई केली. एकट्या संग्रहालयाला हे झेपलं नसतं.

एक मात्र खरं. संघटना म्हणजे जादूची कांडी नव्हे. ती कुणाचं वीजबिल भरत नाही, जुनं यंत्र बदलून देत नाही. मोठ्या पडद्याची कितीतरी थिएटरं बंद पडली. सिनेस्फिअरसुद्धा २०१२ मध्ये बंद झालं आणि २०१७ मध्ये पुन्हा उघडलं. दार उघडं ठेवायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. संघटना देते ती माहिती, ओळखी, एकसारखं माप आणि बोलायला जागा.

आता आपल्याकडे वळू. आपला ग्रामसंघ आहे, प्रभागसंघ आहे, दरवर्षी मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं. पण ग्रामसंघाची सभा म्हणजे नुसत्या सह्या आणि हप्त्यांचा हिशोब, असं झालंय का? पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारून पाहा. माल बनवण्याआधी गिऱ्हाईकाला काय हवं ते आपण विचारतो का? सगळ्या गटांच्या पाकिटाचं वजन आणि दर्जा एकसारखा आहे का? आणि वर्षाचा कार्यक्रम आधी ठरवून भिंतीवर लावलाय का?

तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं तरी हरकत नाही. एक गोष्ट निवडा, तिचा ठराव लिहा आणि कोण करणार तिचं नाव पुढे टाका. काय ठरलं ते आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.