येसर: डाळीशिवायची आमटी

छत्रपती संभाजीनगरात आलेला पाहुणा नान-खलिया शोधतो. आमच्या घरांत मात्र रात्री चुलीवर असायची ती येसराची आमटी. डाळ महाग, माणसं जास्त. ऐनवेळी चार जण जेवायला आले, तर पातेल्यात पाणी वाढवायचं आणि वर चमचाभर येसर. आम्ही त्याला गरिबी म्हणत नव्हतो, आमटीच म्हणत होतो.

येसर म्हणजे मसाल्याची भाजणी. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, त्यात धने, जिरे, मिरे, सुंठ. सगळं वेगवेगळं भाजायचं. कारण जिरं करपतं तेव्हा गहू कच्चाच असतो. भट्टीत मडकं लाल होतं, ते अख्खं बदलतं की आधी त्याचे परमाणू, यावर नैयायिक आणि वैशेषिक यांचा मोठा वाद आहे. भाजणाऱ्या बाईला मात्र वासावरून कळायचं, आता उतरवा!

चार वाट्या पाण्याला दोन मोठे चमचे येसर घ्या, पण आधी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर पिठाचा बाहेरचा थर शिजून गोळी होते, आत कोरडं राहतं. मोहरी-लसणाची फोडणी, हळद, तिखट, पाणी, मीठ. उकळी आली की कालवलेलं येसर, आणि दहा मिनिटं मंद आच. निवताना दाटते, म्हणून पातळच उतरवा. भाकरी कुस्करायची, कांदा बुक्कीनं फोडायचा.

हल्ली पाकीट मिळतं. आम्हीही आणतो, खोटं कशाला बोलायचं? पण घरात कुणाला प्रमाण आठवत असेल तर आजच विचारून ठेवा. आमच्याकडे विचारायचं राहून गेलं.