उठायला आधी इच्छा लागते का?

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांची दाटी आहे. सकाळी जागा पकडलेला विद्यार्थी जेवण-चहा सोडला तर रात्रीपर्यंत खुर्चीतच असतो, आणि त्या बैठकीचं आपल्याकडे कौतुकच होतं. कॉलेजातल्या मुलामुलींचा दिवसही लेक्चर, लायब्ररी आणि खोलीवर मोबाइल असा बसूनच सरतो. अधूनमधून उठत जा म्हटलं, की येणारी बरीचशी उत्तरं अपुऱ्या माहितीवर उभी असतात.

‘मी जिमला जातो, मग दिवसभर बसलो तर काय बिघडलं?’ व्यायामाचा फायदा खराच आहे. पण 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा वाढीव धोका भरून निघायला रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम जोराची हालचाल लागते, असं त्यात दिसलं. आठवड्यातून तीनदा जिम केल्याने हा हिशेब पुरा होत नाही.

‘मी तर बारीक आहे’ याला उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी भरपूर असू शकते, आणि तिच्याबरोबर मधुमेहाचा धोकाही येतो. विशी-बाविशीतल्या मुलांनी तरी वजनकाट्यावर एवढी भिस्त ठेवू नये.

वेळ नाही, ही सबब आता टिकत नाही. हालचाल सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजे, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. 2012 च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात जादा वजनाच्या माणसांना दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालायला लावलं, तेव्हा सलग बसण्याच्या तुलनेत खाण्यानंतरची साखर कमी चढली.

राहिला सगळ्यात चिवट गैरसमज: ‘इच्छाच होत नाही, मी मुळात आळशी.’ हे मला मनापासून खोडून काढावंसं वाटतं, कारण त्यात मुलं स्वतःलाच दोष देत बसतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या कामातून मांडलं, की टिकाऊ प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: हे मी निवडलं आहे ही भावना, मला जमतंय हा अनुभव आणि कुणाची तरी सोबत. घरून फोनवर रोज टोचून बोलल्याने यातलं काहीच मिळत नाही. चहाला जवळच्या टपरीऐवजी पुढच्या चौकात जायचं, असं दोन मैत्रिणींनी आपसांत ठरवलं, की तिन्ही मिळतात.

शिवाय दर वेळी इच्छेची वाट पाहावी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं नेमकं ठरवणारे आपला बेत जास्त वेळा तडीस नेताना दिसतात. ‘जास्त चालेन’ हा संकल्प विरून जातो. ‘प्रकरण संपलं की खाली जाऊन पाण्याची बाटली भरून आणेन’ हा टिकतो. बाटली मुद्दाम लहान घ्यावी.

आणि 21 दिवसांत सवय लागते, हेही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाली. कुणाचे 18, तर कुणाचे अंदाजे 254. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून आपल्यात दम नाही असं ठरत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. परीक्षेच्या आठवड्यात खंड पडला, तर पुढच्या सोमवारची वाट कशाला पाहायची? पुढचं प्रकरण संपेलच की.