संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

प्रस्तुत स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू असताना आमच्यापुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. मागील स्मरणिकेतील काही लेख, विशेषतः पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या वसतिगृहाच्या आठवणी, या अंकात पुन्हा घ्याव्यात असे ठरले होते. त्या अंकाची सीडी कपाटात जपून ठेवलेली होती. ती संगणकावर चालली, फाईलही उघडली. परंतु पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच दिसू लागला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो मजकूर जुळविला होता ते आता मिळत नाही आणि ते चालविण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे छोटे ‘लॉक’ केव्हाच निकामी झाले होते. अखेर नववीच्या मुलामुलींनी छापील प्रत समोर ठेवून सारा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित केला.

शब्द आमच्या विद्यार्थ्यांचे, कष्ट आमच्या शिक्षकांचे. तरीही त्या शब्दांची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती होती. ही गोष्ट मनाला लागली, आणि म्हणूनच शाळेच्या संगणककक्षात यापुढे शक्य तेथे मुक्तस्रोत, म्हणजे ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअर वापरावे असा विचार आम्ही पालकसभेत मांडला. तेव्हा एका पालकांनी विचारले, “ज्याची रचना कोणालाही वाचता येते, ती चोरालाही वाचता येणार. मग ते सुरक्षित कसे?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. ते सविस्तर देण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत.

मूळ संहिता म्हणजे काय?

बाजारातून आणलेला तयार मसाला आपण वापरू शकतो. परंतु त्यात नेमके काय आणि किती पडले आहे हे डब्याकडे पाहून कळत नाही. तोच मसाला कृतीसह मिळाला, तर त्यात काय आहे हे पाहता येते, हवे तर तिखट कमी करता येते आणि सुधारलेली कृती शेजारणीलाही देता येते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. प्रोग्रॅमर जी लिहितो ती मूळ संहिता, म्हणजे ‘सोर्स कोड’, माणसाला वाचता येते. संगणकावर चालते ते तिचे यंत्रभाषेतील रूपांतर; ते वाचून आतील हेतू ओळखणे फार कठीण असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला केवळ हे रूपांतर मिळते. मुक्तस्रोतात संहिताही मिळते आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकारही मिळतो. ते बहुधा विनामूल्य असते, पण ‘मुक्त’ या शब्दाचा रोख किमतीवर नसून या अधिकारांवर आहे.

हा वाद जुना आहे. 1976 साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून, पैसे न देता सॉफ्टवेअरच्या प्रती करून घेणे ही चोरी असल्याचे बजावले होते. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी नेमकी उलटी दिशा धरून, सर्वांना वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभारण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. 1991 साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. पुढे 2001 साली मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली. आणि त्याच कंपनीने 2018 साली, मुक्तस्रोताचे सर्वांत मोठे वसतिस्थान मानले जाणारे ‘गिटहब’ साडेसात अब्ज डॉलर मोजून विकत घेतले. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. म्हणजे मुक्तस्रोत स्वीकारावे की नाही, हा प्रश्न आपल्या नकळत बराचसा सुटलेलाच आहे.

गुप्तता पुरेशी आहे काय?

संहिता झाकून ठेवली की ती सुरक्षित राहते, असा एक समज आहे. त्याची कसोटी 12 मे 2017 रोजी लागली. ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रोग्रॅम काही तासांत जगभर पसरला. संगणकातील फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णांच्या अंदाजे 19,000 भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या.

हा हल्ला विंडोजमधील एका दोषावर आधारलेला होता. विंडोजची संहिता बंद होती. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, तो दोष शोधून काढला, स्वतःच्या हेरगिरीसाठी त्याचे हत्यार बनविले आणि कंपनीला दीर्घकाळ कळविले नाही. पुढे ते हत्यारच चोरीला गेले आणि एप्रिल 2017 मध्ये जगजाहीर झाले. दोष कोणाचा, यावर मोठा वाद झाला. सरकारने दोष साठवून ठेवले, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले. जुन्या विंडोज एक्सपीसाठीची दुरुस्ती कंपनीने सर्वांना दिली ती हल्ला झाल्यावरच, असे टीकाकारांनी दाखवून दिले. चालू आवृत्त्यांची दुरुस्ती तर 14 मार्चलाच उपलब्ध होती. अनेक कार्यालयांनी ती करून घेतली नव्हती. आमच्या मते तिघांचेही बोट योग्य ठिकाणी होते. झाकलेल्या भिंतीतील भगदाड परक्याला सापडते, घरमालकाला मात्र दिसत नाही, हाच या घटनेचा धडा.

केवळ हल्ल्यानेच हानी होते असेही नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकाच वेळी बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ज्याच्यावर राखणीचे काम सोपवावे त्याच्याच हातून दार अडकून बसावे, असा तो प्रकार होता.

खुलेपणा पुरेसा आहे काय?

मग मुक्तस्रोत निर्दोष आहे काय? अजिबात नाही. पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपत नाहीत, असा मुक्तस्रोताच्या समर्थकांचा विश्वास असतो. 2014 साली त्या विश्वासालाही तडा गेला.

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसावे यामागे जी गुप्तलेखनाची व्यवस्था असते, ती पुरविणारे ‘ओपनएसएसएल’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जगातील असंख्य सर्व्हरवर वापरले जाते. त्यात ‘तू जागा आहेस ना?’ असे विचारण्याची एक सोय होती. विचारणाऱ्याने एक शब्द आणि त्याची लांबी पाठवायची, सर्व्हरने तोच शब्द परत करायचा. परंतु सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे सर्व्हर तपासून पाहत नसे. कोणी ‘आंबा’ एवढाच शब्द पाठवून तो पाचशे अक्षरांचा असल्याचे सांगितले, तर सर्व्हर ‘आंबा’ परत करून त्यापुढे आपल्या स्मृतीत जे काही पडले असेल तेही देऊन टाकी. त्यात कोणाचा पासवर्ड असे, तर कधी खुद्द सर्व्हरची गुप्त किल्लीही असे. ‘हार्टब्लीड’ या नावाने ओळखला जाणारा हा दोष मार्च 2012 पासून उघड्या संहितेत होता आणि एप्रिल 2014 मध्ये तो जाहीर झाला. दोन वर्षे सर्वांना तो पाहता येत होता, पण तो हेरून जाहीर करणारा कोणी निघाला नाही.

का निघाला नाही? तेव्हा उघड झाले की ज्या सॉफ्टवेअरवर जगाचे व्यवहार विसंबून होते, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या जेमतेम दोन हजार डॉलरच्या घरात होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपन्या ते फुकट वापरीत होत्या. गावाची विहीर सर्वांची. पण गाळ काढायला कोणी येत नाही, अशीच ही स्थिती होती. त्या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधी उभा केला, हे नमूद केले पाहिजे.

अर्ध्या सेकंदाचा विलंब

यापुढची घटना आम्हांस सर्वांत अधिक विचार करायला लावणारी वाटते. ‘एक्सझेड’ हे फायलींचा आकार लहान करणारे एक साधे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकात ते असते. लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ वर्षानुवर्षे त्याची देखभाल विनामोबदला करीत होते. 2021 पासून ‘जिया टॅन’ या नावाची एक व्यक्ती मदतीला आली. तिने उपयुक्त दुरुस्त्या पाठविल्या आणि हळूहळू विश्वास संपादन केला. त्याच सुमारास अन्य काही नावांनी कॉलिन यांच्याकडे तक्रारी येऊ लागल्या, की काम फार संथ चालले आहे, जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. आपण दीर्घकाळ मानसिक अस्वास्थ्याशी झुंजत आहोत आणि हा बिनपगारी छंद आहे, असे कॉलिन यांनी 2022 मध्ये मोकळेपणाने लिहिले होते. अखेर जिया टॅन सहदेखभालकर्ता झाला.

फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत त्याने एक चोरदरवाजा बसविला. दूरच्या सर्व्हरवर प्रवेश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्यवस्थेत तो शिरत असे आणि विशिष्ट किल्ली असणाऱ्यास त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता येत असे. तो मूळ संहितेत उघडपणे लिहिलेला नव्हता. चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत तो दडविला होता आणि त्याला जागे करणारा तुकडा केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातला होता. म्हणजे संहिता वाचणाऱ्यालाही तो सहज दिसला नसता.

तो सापडला तो एका माणसाच्या चिकाटीमुळे. पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड आपल्या चाचण्या घेत असताना, सर्व्हरवर प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे त्यांना जाणवले. दुसऱ्या कोणी खांदे उडवून काम पुढे चालविले असते. त्यांनी कारणाचा माग काढला आणि 29 मार्च 2024 रोजी सारा प्रकार जगासमोर मांडला. तोपर्यंत ही आवृत्ती मुख्यतः लिनक्सच्या चाचणीसाठी काढलेल्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती. म्हणून मोठा अनर्थ टळला. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या कंपनीच्या प्रमुखाने लिनक्सला कर्करोग म्हटले, तिच्याच अभियंत्याने लिनक्सच्या जगाला वाचविले. कंपन्यांकडे केवळ देव किंवा दानव म्हणून पाहणे किती अपुरे आहे, हे यावरून कळते.

मग विश्वास कशावर?

आता पालकांच्या त्या प्रश्नाकडे वळू. संहिता उघडी असल्याने ती आपोआप सुरक्षित होत नाही, आणि झाकलेली असल्यानेही होत नाही. खुलेपणामुळे एवढेच होते की तपासण्याचा मार्ग सर्वांसाठी मोकळा राहतो. फ्रॉइंड यांना शंका आली तेव्हा त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. बंद प्रणालीत त्यांना कंपनीकडे तक्रार नोंदवून वाट पाहावी लागली असती. परंतु मार्ग मोकळा असून चालत नाही, त्यावरून चालणारा माणूसही हवा. आणि एकट्या पडलेल्या, थकलेल्या राखणदाराच्या पाठीशी कोणी उभे असायला हवे. एक्सझेडमधील खरा दोष संहितेत येण्यापूर्वी तो त्या एकटेपणात होता, असे आमचे मत आहे.

याच विचाराने आम्ही काही गोष्टी ठरविल्या आहेत. शाळेचे दस्तऐवज यापुढे युनिकोडमध्ये आणि खुल्या फाईल-प्रकारांत जतन केले जातील व त्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी राहतील. संगणककक्षात चोरीच्या प्रतींचे सॉफ्टवेअर चालणार नाही. त्याला वेळेवर दुरुस्त्या मिळण्याची खात्री नसते आणि त्यात कोणी काय मिसळले आहे हेही कळत नाही. सॉफ्टवेअर खुले असो की बंद, त्याच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी केल्या जातील. पालकांनीही घरच्या फोनवर आलेली अद्ययावतीकरणाची सूचना पुढे ढकलू नये, एवढी विनंती आहे. वॉनाक्रायची दुरुस्ती हल्ल्याच्या दोन महिने आधीच आलेली होती, हे विसरता कामा नये.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करीत आहेत. त्यांच्याकडे एक मागणे आहे. आपली कंपनी जे मुक्तस्रोत विनामूल्य वापरते, त्याचे राखणदार कोण आहेत याची एकदा चौकशी करावी. झिरोधा या भारतीय कंपनीने 2024 साली अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. म्हणजे हे आपल्याकडेही अशक्य नाही. पैसा देणे जमले नाही, तरी दोष नीट नोंदविणे, माहितीपुस्तिका मराठीत आणणे, किंवा केलेल्या कामाबद्दल आभाराचे दोन शब्द लिहिणे कोणालाही जमेल. आणि वर्षातून एखादा रविवार शाळेच्या संगणककक्षासाठी दिल्यास आमच्या मुलांना, पडद्यामागे काय चालते हे पाहण्याची दृष्टी मिळेल.

नववीच्या ज्या मुलांनी जुनी स्मरणिका पुन्हा टंकित केली, त्यांतील एकीने काम संपल्यावर विचारले, “सर, ही फाईल आणखी वीस वर्षांनी उघडेल ना?” या वेळी आम्ही होय म्हणू शकलो. मात्र ते उत्तर खरे ठरविण्यासाठी कोणीतरी तोपर्यंत राखण करीत राहावे लागेल, हेही आम्ही तिला सांगितले.