पायी फिरण्याची गोडी

रुग्णांना रोज ‘चाला’ सांगणारा मी दवाखान्यात स्कूटरनेच जातो. अखेर साखर माझीच वाढली! गेल्या शनिवारी सौ.ने माथेरानला नेले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी. घोडा नाकारून तांबड्या वाटेने निघालो. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरतो. मला आधी बोलताही येईना. शार्लोट तलावापाशी दम टिकू लागला. मग प्रत्येक फाट्यावर ‘इकडे काय असेल?’ म्हणत दोन तास सहज गेले. रात्री टाचेला फोड दिसला. नवे बूट! मधुमेहींनो, ही चूक करू नका. पाय बधिर असले तर फोड कळतही नाही. रविवारी मी पट्टी बांधून व्हरांड्यात. सौ. मात्र पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय पाहून आली.